राजहराच्या डोंगराला भांडवलदार मिळेपर्यंत

भिलाईची गोष्ट सांगायला बसलं की आमच्याकडे सगळे 1955 पासून सुरू करतात. 2 फेब्रुवारी 1955 ला भारत आणि सोव्हिएत युनियनचा करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं, आणि भाताच्या शेतांतून एक शहर उगवलं. शाळेत आम्हाला हेच शिकवलं, माझ्या मुलांनाही हेच शिकवलं. त्यात खोटं काही नाही. पण माझी सगळी नोकरी हिशेबात गेली. कुणी म्हणालं अमुक तारखेला अमुक सुरू झालं, की मी आधी विचारते, त्याआधी कुणाकडे पैसे मागितले होते आणि कोण नाही म्हणालं होतं? नाही म्हणणाऱ्यांची यादी होकार देणाऱ्यांच्या यादीपेक्षा जास्त शिकवते.

आणि भिलाईच्या बाबतीत ही यादी आमच्या चांद्यापासून सुरू होते.

आमचे बाबा चांद्याचे, म्हणजे आताच्या चंद्रपूरचे. प्लांटमध्ये भरती निघाली तेव्हा ते इकडे आले. आमचा पत्ता सेक्टर 2, आणि अजूनही तोच आहे. या सेक्टरला अय्यप्पा मंदिर आहे, छठला तळ्यावर पाय ठेवायला जागा नसते, गणपतीत आरत्या आमच्या असतात आणि प्रसादाच्या रांगेत मलयाळी, बंगाली, आंध्रातले, छत्तीसगढी असे सगळे. बाबांना मात्र मरेपर्यंत एकच रुखरुख होती. ते म्हणायचे, लोखंडाचा कारखाना खरं तर चांद्यालाच व्हायचा होता. आम्ही हसायचो. चांद्याचा माणूस आपल्या गावाबद्दल काहीही बोलतो, असं आईचं मत. नंतर टाटांच्या लोखंडाचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा कळलं की बाबांचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं.

1882 साली रिटर फॉन श्वार्त्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा एक अहवाल निघाला. विषय होता चांदा जिल्ह्यात लोखंड गाळण्याची शक्यता. लोहाऱ्याच्या टेकडीवरचं खनिज उत्तम, आणि जवळ वरोऱ्याला कोळशाची खाण, असा त्याचा सूर. हा अहवाल जमशेटजी टाटांच्या हाती पडला. जमशेटजी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे, आणि मध्य प्रांत त्यांना परका नव्हता. नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल चालू होऊन पाच वर्षं झाली होती.

एम्प्रेसची गोष्ट इथे थोडी सांगायलाच हवी, कारण पैसा उभा करण्याचे धडे त्यांनी तिथे गिरवले. 1874 साली पंधरा लाख रुपयांच्या भांडवलावर कंपनी काढली. मुंबई सोडून नागपूरला गिरणी काढायची, हा विचारच त्या काळी लोकांना खुळ्यासारखा वाटला. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा स्वस्तात मिळाली, ती भराव घालून वर आणायची होती. असं सांगतात, की नागपूरच्या एका मारवाडी सावकाराने पैसे द्यायला साफ नकार दिला. जमिनीत पैसा पुरणाऱ्या माणसाला आपण भांडवल देणार नाही, असं त्याचं म्हणणं. 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. पुढे नफा वाटला जाऊ लागला तेव्हा त्याच सावकाराने कबूल केलं म्हणे, की या माणसाने माती घातली आणि सोनं काढलं. सावकाराला मी दोष देत नाही. दलदल बघून कर्ज देणारा सावकार मी तरी पाहिला नाही, आजही नाही.

चांद्याच्या लोखंडाचं मात्र तेव्हा काही झालं नाही. खाणींचे सरकारी नियम इतके जाचक, की त्यात कुणी शहाणा पैसा घालणार नाही. शिवाय वरोऱ्याच्या कोळशाचा कोक धड होईना, आणि कोकशिवाय मोठी ब्लास्ट फर्नेस चालत नाही. जमशेटजींनी विषय बाजूला ठेवला, सोडला नाही. 1899 मध्ये कर्झनच्या काळात नियम सैल झाले आणि जमशेटजी पुन्हा उठले. विलायतेत जाऊन भारतमंत्र्याला भेटले. 1902 मध्ये अमेरिकेत गेले, तिथल्या पोलादाच्या भट्ट्या बघितल्या, आणि न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन या सल्लागार अभियंत्याला गळ घातली. पेरिनने आपला भूगर्भशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड याला हिंदुस्थानात पाठवलं.

चांद्याच्या जंगलात मग ही मंडळी हिंडली. वेल्ड, जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी, आणि भाचा शापुरजी सकलातवाला. बैलगाड्या, उन्हाळा, पाण्याची मारामार. यातला शापुरजी पुढे इंग्लंडात स्थायिक झाला आणि 1922 साली लंडनच्या बॅटरसीतून, कम्युनिस्ट असताना मजूर पक्षाचा उमेदवार म्हणून, पार्लमेंटवर निवडून गेला. भांडवलाच्या शोधात जंगल तुडवलेला माणूस भांडवलशाहीविरुद्ध भाषणं करायला पार्लमेंटात गेला, ही गंमत इतिहासच करू जाणे.

लोहाऱ्याचं खनिज चांगलं निघालं, पण पुरेसं नव्हतं. मोठ्या कारखान्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरेल असा साठा लागतो. वेल्डने स्पष्ट सांगितलं, इथे काही होणार नाही. परदेशी सल्लागाराची फी चालू आहे, खर्च चालू आहे, हातात काही नाही. दोराबजी नागपूरला आले ते सचिवालयात जाऊन एवढंच सांगायला, की आम्ही शोध थांबवतोय. साहेब भेटायला वेळ होता, म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात, तोच. तिथे मध्य प्रांताचा भूगर्भाचा रंगीत नकाशा लावलेला होता. त्या नकाशात आमचा दुर्गचा मुलूख गडद रंगाने भरलेला. गडद रंग म्हणजे लोखंड.

हा रंग भरणारा माणूस होता प्रमथनाथ बोस. भूगर्भ सर्वेक्षण खात्यातला बंगाली अधिकारी. त्याने 1887 च्या सुमारास धल्ली-राजहराच्या डोंगरांतलं लोखंड नोंदवून ठेवलं होतं. सरकारी अहवालात छापलं गेलं आणि तिथेच पडून राहिलं. दुर्ग हा तेव्हा स्वतंत्र जिल्हासुद्धा नव्हता, तो 1906 साली झाला. ज्या जमीनदारीत हे डोंगर होते तिचं नाव डोंडी-लोहारा. चांद्याचा लोहारा वेगळा, हा वेगळा. वाचताना मी स्वतः दोनदा घोळ घातला म्हणून सांगते.

दोराबजींनी वेल्डला तो नकाशा दाखवला आणि मंडळी राजहराकडे वळली. डोंगरावर चालताना पायाखाली धातूसारखा आवाज येत होता असं वर्णन आहे. खनिजात लोखंडाचं प्रमाण साठ टक्क्यांच्या वर. म्हणजे जगातल्या चांगल्यांत चांगलं. आमचे प्लांटमधले लोक राजहराच्या खनिजाबद्दल अजूनही असं बोलतात, जसं कोकणातली माणसं देवगडच्या आंब्याबद्दल बोलतात.

तर 1904 च्या आसपास भिलाईपासून नव्वदेक किलोमीटरवर लोखंडाचा डोंगर सापडला होता, तो विकत घ्यायला उतावीळ झालेला उद्योगपती होता, अमेरिकन तज्ज्ञ होता, आणि मुंबई-कलकत्ता रेल्वे दुर्गवरून जात होती. तरी कारखाना झाला नाही. का?

कोक होण्यालायक कोळसा झरियाचा. तो शेकडो मैल लांब. भट्टी थंड ठेवायला पाणी लागतं, तेही बारमाही. इथे नदी उन्हाळ्यात आटते. महानदीकाठी संबलपूरजवळ पदमपूरला कारखाना काढून राजहराचं खनिज तिथे न्यायचं, असाही एक बेत झाला. तेवढ्यात प्रमथनाथ बोसचंच पत्र आलं. तो आता सरकारी नोकरी सोडून मयूरभंज संस्थानाच्या चाकरीत होता. त्याने कळवलं, की गोरुमहिसानीला असाच डोंगर आहे, आणि तो झरियाला जवळ आहे. झालं. राजहराला पहिला भांडवलदार मिळाला आणि सुटलासुद्धा. ज्या माणसाने आमचा डोंगर दाखवला, त्याच माणसाने तो मागे टाकायला लावला. भिलाईत त्याच्या नावाचा एखादा चौक असायला हरकत नव्हती असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्याला कोण विचारतो.

जमशेटजी 19 मे 1904 ला जर्मनीत बाड नाउहाइमला वारले. यातलं काहीच त्यांनी उभं राहिलेलं पाहिलं नाही.

आता पैशाची गोष्ट, म्हणजे माझ्या आवडीची.

खनिज मिळालं, कोळसा मिळाला, आता भांडवल हवं. 1906-07 मध्ये दोराबजी लंडनच्या बाजारात गेले. तिथल्या सावकारांनी बराच काळ झुलवलं. पैसा द्यायचा तर कारभारावर आपला ताबा हवा, असा तिथला एकंदर रोख, आणि तेव्हा बाजारही मंदीकडे चालला होता. लंडनचा नाद सोडून टाटांनी मुंबईतच भाग विक्रीला काढायचं ठरवलं. स्वदेशीचं वारं जोरात होतं. 26 ऑगस्ट 1907 ला कंपनीची नोंदणी झाली.

भांडवलाची मांडणी बघण्यासारखी आहे. एकूण 2 कोटी 31 लाख 75 हजार रुपये. त्यात पंचाहत्तर रुपयांचे साधारण भाग दोन लाख, दीडशे रुपयांचे प्रेफरन्स भाग पन्नास हजार, आणि तीस रुपयांचे डिफर्ड भाग साडेबावीस हजार. बेरीज करून बघा, तंतोतंत जुळते. प्रेफरन्सवाल्याला आधी ठरलेला लाभांश, साधारणवाल्याला त्यानंतर, आणि डिफर्डवाल्याने सगळ्यांचं पोट भरेपर्यंत थांबायचं, पण भरून उरलं तर घसघशीत त्याचं. म्हणजे भित्र्या पैशाला एक दार, मध्यमाला दुसरं, जुगाऱ्याला तिसरं. ज्याने ही रचना केली त्याला माणसं कळत होती. नुसता हिशेब येणाऱ्याला हे सुचत नाही.

अॅक्सेल साहलिन नावाच्या अभियंत्याने या भागविक्रीचं वर्णन 1912 साली विलायतेत एका व्याख्यानात केलं. मुंबईत टाटांच्या कचेरीला सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांचा गराडा, म्हातारे, तरुण, गरीब, श्रीमंत, बायकासुद्धा. तीन आठवड्यांत सगळी रक्कम जमली, सुमारे आठ हजार हिंदी माणसांकडून. साहलिनने आकडा दिलाय 16 लाख 30 हजार पौंडांचा. पौंडाला पंधरा रुपये धरले तर ते 2 कोटी 44 लाखांच्या वर जातात, म्हणजे कंपनीच्या कागदावरच्या भांडवलापेक्षा बारा-तेरा लाख जास्त. ऑडिटमध्ये असला फरक मी कधी सोडला नसता, पण व्याख्यानाला व्हाउचर लागत नाही.

पंचाहत्तर रुपये ही त्या काळात एखाद्या कारकुनाची दोन-तीन महिन्यांची मिळकत. आपण स्वदेशी म्हणजे विलायती कापडाची होळी एवढंच लक्षात ठेवलंय. या बायाबापड्यांनी त्यापेक्षा अवघड गोष्ट केली. अजून जागाही पक्की नसलेल्या कारखान्यात पैसे गुंतवले. साकचीची, म्हणजे सिंहभूममधल्या आताच्या जमशेदपूरची, जागा नक्की व्हायला भाग विकले गेल्यानंतरही काही महिने लागले.

त्याच सुमाराला आपल्याकडे पैसाफंड चालू होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना उभा राहिला. काच करायला शिकवायला परदेशात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय होते. पैसाफंडात पैसे देणाऱ्याला भाग मिळत नव्हता, लाभांश नव्हता. ती वर्गणी होती. टाटांकडे लोक आले ते मात्र भागीदार म्हणून. देशप्रेम दोन्हीकडे होतं, पण एकाने पावती घेतली आणि दुसऱ्याने शेअर सर्टिफिकेट. काचेचा कारखाना लहान राहिला आणि पोलादाचा वाढला, याचं सगळं कारण यातच आहे असं मी म्हणणार नाही. थोडं आहे.

भाग विकून यंत्रं येतात. पण कारखाना चालू झाल्यावर पगार, कोळसा, वाहतूक यांना लागणारं खेळतं भांडवल वेगळं, आणि नवे धंदे बुडतात ते बहुतेक इथेच. टाटांनी त्यासाठी चार लाख पौंडांचे डिबेंचर काढले. म्हणजे साठ लाख रुपये. ते सगळेच्या सगळे एकाच माणसाने उचलले, ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या पाटलाच्या घराण्यातला पैसा सिंहभूमच्या भट्टीत गेला. आठ हजार लोक एका बाजूला आणि एक राजा दुसऱ्या बाजूला. माधवरावांना आगगाड्यांचं भारी वेड होतं, जेवणाच्या टेबलावर मद्य आणि सिगार फिरवायलासुद्धा त्यांनी चांदीची छोटी गाडी केली होती. रुळांच्या कारखान्याला त्यांनी कर्ज द्यावं, हे शोभून दिसतं.

पण भागधारक आणि राजा या दोघांपेक्षाही मोठा आधार माझ्या मते तिसराच होता, आणि त्याने एक पैसाही रोख दिला नव्हता. सरकारने कबूल केलं की रेल्वेसाठी दरवर्षी 20 हजार टन रूळ दहा वर्षं आम्ही घेऊ, बाहेरून येणाऱ्या मालाच्या भावाने, पण आमच्या कसोटीला उतरले तर. ठरलेला गिऱ्हाईक, ठरलेला माल, ठरलेली मुदत. रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष फ्रेडरिक अपकॉट यांनी म्हणे पेरिनला ऐकवलं होतं, की टाटा रूळ करणार असतील तर त्यातला प्रत्येक पौंड मी खाऊन दाखवीन. पुढे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात इंग्रजांची रेल्वे टाटांच्या रुळांवरून धावली, तेव्हा दोराबजींनी अपकॉटसाहेबांच्या पचनाची चौकशी केली, हेही सर्वश्रुत आहे. 2 डिसेंबर 1911 ला कच्चं लोखंड निघालं, 16 फेब्रुवारी 1912 ला पोलाद.

आणि तरी 1924 मध्ये पगाराला पैसे नाहीत अशी वेळ आली. युद्धानंतर भाव पडले, विस्ताराचा खर्च अंगावर आला. दोराबजींनी आपली सगळी खाजगी मालमत्ता, सुमारे एक कोटी रुपयांची, इंपीरियल बँकेकडे गहाण टाकून कर्ज काढलं. त्यात पत्नी मेहेरबाईंचा ज्युबिली हिरासुद्धा होता, 245 कॅरटचा. त्याच वर्षी पोलाद उद्योगाला जकातीचं संरक्षण देणारा कायदा झाला आणि कंपनी तरली. सुरुवात करून सतरा वर्षं झालेला धंदा, तो बायकोच्या दागिन्यावर तगला. आपल्याकडे मंगळसूत्र मोडून उभे राहिलेले संसार सगळ्यांना माहीत असतात. हे मंगळसूत्र जरा मोठं होतं, एवढंच.

इकडे राजहराचा डोंगर जागच्या जागी.

पन्नास वर्षांत काय बदललं? कोळसा जवळ आला नव्हता, झरिया तिथेच होतं. पाणी मात्र आलं होतं. तांदुला आणि सुखा नद्यांच्या संगमावर बालोदजवळ 1921 मध्ये धरण पूर्ण झालं, ते शेतीसाठी. त्याच्या कालव्याने भिलाईची अर्धी अडचण सोडवली. राजकारणही बदललं होतं. 1955 मध्ये नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती, आणि दुर्ग, चांदा, नागपूर सगळे एकाच राज्यात. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल रायपूरचे, त्यांनी कारखाना छत्तीसगढात यावा म्हणून जिवाचं रान केलं. पुढच्याच वर्षी, 1 नोव्हेंबर 1956 ला, राज्य फुटलं, नागपूर-चांदा मुंबई राज्यात गेले आणि आम्ही भोपाळच्या दाराशी. बाबा एका राज्यातलं गाव सोडून दुसऱ्या राज्यात नोकरीला आले, पण कारखाना ठरला तेव्हा ते राज्य एकच होतं, हे ते आम्हाला बजावून सांगायचे.

सगळ्यांत मोठा बदल होता पैशाचा. 1904 मध्ये जो भांडवलदार डोंगरावर उभा होता त्याला काही वर्षांत लाभांश द्यायचा होता, म्हणून कोळशाच्या वाहतुकीचा प्रत्येक मैल त्याला टोचत होता. 1955 मध्ये जो आला तो होता भारत सरकार. त्याला लाभांशाची घाई नव्हती. त्याला दहा लाख टनांचा कारखाना हवा होता, मागास मुलखात हवा होता, आणि 1956 पासून पोलाद देशभर एकाच भावाने विकायचं धोरण आल्यावर कारखाना कुठे आहे याचा विक्रीच्या भावाशी संबंधच उरला नाही. जो हिशेब टाटांना परवडत नव्हता तो सरकारने वहीतूनच काढून टाकला. यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतात, आणि कोळसा-खनिजाजवळ असण्याचा आपला फायदाच गेला, ही बिहारची तक्रार खोटी नाही. पण त्या धोरणाच्या पगारावर मी लहानाची मोठी झाले, तेव्हा माझं मत धरू नये.

सरकारी खजिन्यात परकीय चलन कुठे होतं? तिथे रशियन आले. कर्ज सुमारे 64 कोटी रुपयांचं, व्याज अडीच टक्के, फेड बारा वार्षिक हप्त्यांत. त्याच सुमाराला राउरकेला जर्मनांच्या मदतीने आणि दुर्गापूर इंग्रजांच्या मदतीने होत होतं, त्यांच्या उधारीचे दर यापेक्षा चढे. तीन पोरं, तीन सावकार. रशियन कर्जातली खरी मेख व्याजात नव्हती, फेडीत होती. हप्ता रुपयांत भरायचा, तो भारतातल्या खात्यात जमा व्हायचा, आणि रशियाने त्यातून भारताचा माल उचलायचा. म्हणजे ब्लास्ट फर्नेसची परतफेड आपण चहा, ताग आणि कातड्याने केली. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला त्या कराराच्या कारकुनाचे हात धरावेसे वाटले. डॉलर न वापरता केलेला हा व्यवहार होता, आणि डॉलर आपल्याकडे नव्हतेच.

वेनियामिन दिमशित्स हे रशियन मुख्य अभियंते आणि त्यांची माणसं इथे राहिली, शिकवून गेली. 1960 मध्ये रेल मिल सुरू झाली. ज्या डोंगराला 1904 मध्ये नाही म्हटलं गेलं, त्याच डोंगराच्या खनिजाचे रूळ आज देशभर पसरलेत.

या भांडवलात जे मोजलं गेलं नाही तेही सांगते. प्लांट आणि टाउनशिपसाठी गावंच्या गावं उठली, त्यांची शेतं गेली. त्यांना मोबदला मिळाला, काहींना नोकरी. भागधारक कुणी झालं नाही. आणि राजहराच्या खाणीत हाताने खनिज फोडणारे ठेकेदारी मजूर, त्यांत बायका पुष्कळ, यांचं नाव आमच्या पगारपत्रकात कधी आलंच नाही. 1977 मध्ये शंकर गुहा नियोगींनी त्यांची युनियन बांधली. त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात अकरा माणसं गेली. त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी वर्गणी काढून दवाखाना बांधला, 3 जून 1983 ला तो उघडला, शहीद हॉस्पिटल. नियोगींचा 28 सप्टेंबर 1991 ला भिलाईत खून झाला. दवाखाना चालू आहे. टाटांची भागविक्री, शिंद्यांचे डिबेंचर, रशियाचं कर्ज या सगळ्यांच्या ओळीत मी ही वर्गणीही बसवते, कारण लोखंडाच्या डोंगरांभोवती उभा राहिलेला हा चौथा पैसा आहे, आणि यात व्याज, लाभांश, ताबा काहीच नाही. पैसाफंडाच्या जातीचा, पण टिकला.

हे सगळं अलीकडे पुन्हा उकरून काढायचं कारण म्हणजे आमच्या सडकेवरचा एक मुलगा. भिलाईची पोरं पूर्वी आयआयटीला निघून जायची, आता भिलाईचीच आयआयटी आहे, 2016 साली सुरू झालेली, दुर्गजवळ कुटेलाभाठ्याला तिचा कॅम्पस झालाय, आणि तिथे आर्थिक तंत्रज्ञानातल्या नव्या कंपन्यांना हात देणारी संस्थाही आहे. हा मुलगा तिथला नाही, इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजचा. राइस मिलमध्ये ट्रकवर चढणाऱ्या पोत्यांची कॅमेऱ्याने मोजणी करायची, असं त्याचं सॉफ्टवेअर आहे. पोती मोजणारा मुनीम आणि ट्रकवाला यांचं रोज वाजतं, आणि बारदाना परत किती आला यावरून पुन्हा वाजतं, हे छत्तीसगढात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तेव्हा कल्पना वाईट नाही.

त्याने मला आपले कागद दाखवले. दहा टक्के हिस्सा देऊन कुणाकडून तरी पैसे घ्यायचे चालले होते. "काकू, व्हॅल्युएशन चांगलं मिळतंय," म्हणाला. मी कागद उलटसुलट वाचले. डिफर्डवाल्यांसारखी शेवटी थांबणारी कोण आणि प्रेफरन्सवाल्यांसारखी आधी उचलणारी कोण, ते बघितलं. नावं नवी आहेत, पण दारं तीच तीन. आधी उचलणारा तो पैसेवाला होता, शेवटी थांबणारा हा.

"पैसे देणारा राहू दे," मी म्हटलं. "तुझे वीस हजार टन रूळ कुठे आहेत?"

त्याला काही कळेना. मग रेल्वेच्या कबुलीची गोष्ट सांगितली. मुदत, माल, भाव, कसोटी. तो बराच वेळ मोबाइलवर काही तरी खाजवत बसला. मग म्हणाला, धमतरीकडचा एक मिलवाला आहे, त्याने एका हंगामासाठी लावून बघायला होकार दिलाय, पण फुकट.

मी म्हटलं, फुकट नको. पोत्यामागे पाच पैसे का होईना, पण लिहून घे. आणि मोजणी चुकली तर दंड किती, तेही लिही. तो म्हणाला, दंडाचं कशाला लिहू, मिलवाल्याने मागितलेलासुद्धा नाही.

यावर आमचं अजून ठरायचंय. धानाची खरेदी सुरू व्हायला वेळ आहे.